विश्लेषण : केळं बदलतं, शार्क बदलला, टीव्ही बंद पडले… मग ‘मूळ’ कलाकृती कोणती?

भिंतीवर राखाडी चिकटपट्टीने चिकटवलेलं एक पिवळं केळं. २० नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘सदबीज’च्या लिलावात त्याला ६२ लाख डॉलर मिळाले, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५२ कोटी रुपये. खरेदीदार होते क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन. नऊ दिवसांनी त्यांनी हाँगकाँगमध्ये पत्रकार बोलावले आणि सगळ्यांसमोर केळं सोलून खाऊन टाकलं.

तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही त्याचे मीम्स आले असतील. ‘आमच्याकडे डझन साठ रुपयांना मिळतात’ छापाचे. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागेच राहिला. केळं पोटात गेल्यावर सन यांच्याकडे ती कलाकृती उरली की नाही?

उत्तर आहे, उरली. पूर्ण उरली. ते उद्या दुसरं केळं आणून पुन्हा भिंतीवर लावू शकतात आणि ती तीच कलाकृती असेल. हे हास्यास्पद वाटत असेल, तर गेल्या चाळीसेक वर्षांतल्या कलेच्या मोठ्या भागापुढे आज हाच पेच उभा आहे हेही लक्षात घ्यायला हवं. तैलरंगातलं चित्र नीट ठेवलं तर काही शतकं टिकतं. पण कलाकारांनी टीव्ही, ट्यूबलाइट, मिठाई, मेलेले प्राणी, वेबसाइट्स वापरायला सुरुवात केली, आणि या सगळ्या वस्तू कलाकाराच्या हयातीतच खराब होऊ लागल्या. मग बदलायचं काय, ठेवायचं काय आणि हे ठरवायचं कोणी?

मग ६२ लाख डॉलरला विकलं काय?

एक कागद. इटालियन कलाकार मॉरिझिओ कॅटेलान यांनी ‘कॉमेडियन’ नावाची ही कलाकृती डिसेंबर २०१९ मध्ये मायामीच्या आर्ट बाझल मेळ्यात पहिल्यांदा मांडली. तिच्या विक्रीसाठीच्या तीन आवृत्त्या आहेत. विकत घेणाऱ्याला मिळतं ते कलाकृतीचं प्रमाणपत्र आणि ती कशी लावायची याच्या लेखी सूचना. केळं जमिनीपासून १७५ सेंटिमीटरवर हवं, आठवडा-दहा दिवसांत बदलायला हवं, वगैरे. लिलावातलं केळं त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या फळविक्रेत्याकडून ३५ सेंटला आणलेलं होतं.

म्हणूनच ते खाल्ल्याने काही बिघडत नाही. २०१९ मध्ये मायामीत एका कलाकाराने ते खाल्लं, २०२३ मध्ये सेऊलच्या लिऊम संग्रहालयात एका विद्यार्थ्याने खाल्लं. दोन्ही वेळा काही वेळात नवं केळं लागलं. प्रमाणपत्र हरवलं असतं, तर मात्र खरा गोंधळ झाला असता.

ही युक्ती कॅटेलान यांची नाही. अमेरिकन कलाकार सॉल लेविट यांनी १९६८ पासून भिंतीवरची चित्रं ‘सूचना’ म्हणून लिहायला सुरुवात केली होती. रेषा कुठून कुठे, कोणत्या रंगात, किती अंतरावर. काढायचं काम दुसऱ्या कोणीही करावं. लेविट एप्रिल २००७ मध्ये गेले. त्यानंतर नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ‘मास मोका’ संग्रहालयात त्यांच्या १०५ भित्तिचित्रांचं प्रदर्शन उघडलं. भिंतींवर प्रत्यक्ष हात फिरवला तो तरुण कलाकारांनी आणि विद्यार्थ्यांनी. ती चित्रं लेविट यांचीच मानली जातात आणि त्यावर कोणी वाद घालत नाही.

कोड शिकलेल्या माणसाला हे समजायला सोपं जातं. प्रोग्राम एका जागी लिहिलेला असतो, तो कुठल्याही मशीनवर चालवता येतो. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ही कल्पना परकी नाही. दर भाद्रपदात मूर्ती नवी येते, गेल्या वर्षीची विसर्जित झालेली असते. ‘हा गणपती वेगळा आहे’ असं घरातलं कोणी म्हणत नाही.

७९ किलो चॉकलेट-गोळ्यांचा माणूस

बदलणं हाच जिथे कलाकृतीचा अर्थ आहे, असं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. क्युबात जन्मलेले अमेरिकन कलाकार फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांनी १९९१ मध्ये एक काम केलं. दालनाच्या कोपऱ्यात रंगीत कागदात गुंडाळलेल्या गोळ्यांचा ढीग. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. येणाऱ्या प्रत्येकाने त्यातली गोळी उचलून खायची मुभा.

कामाच्या नावात ‘रॉस’चा उल्लेख आहे. रॉस लेकॉक हे कलाकाराचे जोडीदार. १९९१ मध्ये एड्सशी संबंधित आजाराने त्यांचं निधन झालं. प्रेक्षक गोळ्या नेतात, ढीग रोडावत जातो. संग्रहालय पुन्हा भरतं, पुन्हा तो रोडावतो. गोन्झालेझ-टोरेस स्वतः १९९६ मध्ये त्याच आजाराने गेले.

इथे गोळ्या कुठल्या कंपनीच्या आहेत याने काही बिघडत नाही. पण दुसरं काहीतरी बिघडू शकतं. २०२२ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने शेजारच्या पाटीवरचा मजकूर बदलला आणि त्यातून रॉस व एड्सचा संदर्भ गळाला. समाजमाध्यमांवर टीका झाली, मग संग्रहालयाने मजकूर पुन्हा बदलून तो संदर्भ आणला. ढीग तोच, वजन तेच. पण पाटी काढली की कोपऱ्यात नुसत्या गोळ्या उरतात. देखभाल फक्त वस्तूची नसते, ती माहितीचीही असते, हे त्या एका पाटीने दाखवून दिलं.

शार्क सडला तेव्हा काय झालं?

आता उलट बाजू. इथे वस्तू बदलली गेली आणि प्रश्न सुटण्याऐवजी वाढले.

१९९१ मध्ये ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्ट यांनी काचेच्या टाकीत फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणात एक वाघशार्क ठेवला. जाहिरात क्षेत्रातले बडे उद्योजक आणि संग्राहक चार्ल्स साची यांनी त्यासाठी पैसे दिले होते, सगळा खर्च सुमारे ५० हजार पौंड. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर पकडलेला, सुमारे १४ फुटांचा शार्क. नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश कलेचं हे सर्वांत ओळखीचं चित्र ठरलं.

अडचण रसायनशास्त्राची होती. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी घट्ट बांधून टाकतं, त्यामुळे मांस कुजत नाही. पण ते रसायन आतपर्यंत पोहोचावं लागतं. चौदा फुटांचा प्राणी नुसता द्रावणात बुडवला, तर बाहेरचा थर टिकतो आणि आतला भाग कुजत राहतो. म्हणून प्राणिसंग्रह जतन करणारे लोक सुईने ते शरीरात ठिकठिकाणी टोचतात. पहिल्या शार्कच्या बाबतीत हे नीट झालं नाही. पाणी गढूळ झालं, कातडी सुरकुतली, एक पर गळाला. १९९३ मध्ये साची यांच्या गॅलरीने शेवटी कातडी सोलून ती फायबरग्लासच्या साच्यावर चढवली. म्हणजे टाकीत जे होतं तो शार्क नव्हता, शार्कचा अंगरखा होता.

पुढे अमेरिकन हेज फंड व्यवस्थापक स्टीव्हन कोहेन यांनी ते काम विकत घेतलं. किंमत किमान ८० लाख डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. २००६ मध्ये हर्स्ट यांनी नवा शार्क मागवला, यावेळी लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या मत्स्यतज्ज्ञाची मदत घेतली, रसायन रीतसर टोचलं आणि जुन्याच्या जागी नवा ठेवला. कामाचं वर्ष? १९९१ च.

हर्स्ट यांचं म्हणणं असं की ते संकल्पना मांडणारे कलाकार आहेत, त्यामुळे हेतू महत्त्वाचा, वस्तू नाही. इथपर्यंत मान्य करता येईल. शार्क बदलल्याचं उघडपणे सांगितलं होतं, जुना खराब झाल्याचं सगळ्यांना माहीत होतं.

पण २०२४ मध्ये ‘द गार्डियन’ने एक बातमी दिली. हर्स्ट यांची नव्वदच्या दशकातली म्हणून दाखवलेली फॉर्माल्डिहाइडमधली काही कामं प्रत्यक्षात २०१७ मध्ये बनवलेली होती. त्यांच्या कंपनीने उत्तर दिलं की अशा कामांवरची तारीख संकल्पना सुचल्याची असते, वस्तू तयार झाल्याची नव्हे.

हा युक्तिवाद ऐकायला केळ्यासारखाच वाटतो, पण तसा नाही. केळं विकत घेणाऱ्याला आधीच माहीत असतं की केळं कालचं आहे. टाकीतल्या प्राण्याखाली १९९४ लिहिलेलं असेल, तर बघणारा आणि पैसे मोजणारा, दोघंही समजतात की ही वस्तू १९९४ ची आहे. त्यावर किंमत ठरते, इतिहास लिहिला जातो. ‘वस्तूला महत्त्व नाही’ हे म्हणणं सोयीनुसार वापरलं जातंय का, ही शंका यायला जागा आहे.

१,००३ टीव्हींचा मनोरा

या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती दक्षिण कोरियातली ठेवा.

सेऊलजवळच्या ग्वाचॉनमध्ये राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालय आहे. त्याच्या मधोमध, गोल चढत जाणाऱ्या मार्गिकेच्या पोकळीत नाम जून पाइक यांचा मनोरा उभा आहे. नाव ‘द मोअर, द बेटर’. वर्ष १९८८, सेऊल ऑलिंपिकचं. उंची १८.५ मीटर, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीएवढी. त्यात १,००३ टीव्ही. आकडा उगाच नाही. ३ ऑक्टोबर हा कोरियाचा राष्ट्र-स्थापना दिन, म्हणजे दहावा महिना, तिसरा दिवस.

पाइक हे व्हिडिओ आर्टचे जनक मानले जातात. टीव्ही ही घरात बसून बघायची वस्तू असताना त्यांनी ती रंगासारखी वापरली. २००६ मध्ये ते गेले.

ते टीव्ही सगळे जुन्या पद्धतीचे, मागे ढेरी असलेले, पिक्चर ट्यूबवाले. पस्तिशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असतील. काचेच्या निर्वात नळीत मागून इलेक्ट्रॉनचा झोत सुटतो, चुंबकीय क्षेत्र त्याला डावी-उजवीकडे, वर-खाली वळवतं आणि पडद्याच्या आतल्या लेपावर तो जिथे आदळतो तिथे उजेड पडतो. या यंत्राला आयुष्य असतं. लेप झिजतो, झोत मंदावतो, आतल्या उच्च दाबाच्या सर्किटमध्ये बिघाड होतात. आणि १,००३ टीव्ही एकावर एक रचले की उष्णतेचा प्रश्न वेगळाच.

२००३ मध्ये मनोऱ्यातले टीव्ही एकदा बदलले गेले. तेव्हा नवे मिळत होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत कंपन्यांनी पिक्चर ट्यूब बनवणंच थांबवलं. एकेक टीव्ही बंद पडत गेला. विजेच्या सुरक्षेच्या तपासणीनंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये संग्रहालयाने अख्खा मनोरा बंद केला.

आता विचार करा, तुम्ही त्या संग्रहालयाचे प्रमुख आहात. समोर तीन रस्ते. सगळीकडे एलसीडी बसवा. स्वस्त, थंड, पुढची बरीच वर्षं बिनघोर. पण चपट्या पडद्यांचा मनोरा आजच्या कुठल्याही मॉलमधल्या जाहिरातीच्या खांबासारखा दिसेल. दुसरा रस्ता, काहीच बदलू नका. मनोरा अंधारात उभा ठेवा, इतिहास म्हणून. तिसरा, जमेल तितके जुने टीव्ही दुरुस्त करा.

संग्रहालयाने २०१९ मध्ये निर्णय जाहीर केला तो तिसरा, पण तडजोडीसह. जुने टीव्ही, सुटे भाग शोधून ७३७ पिक्चर ट्यूबवाले टीव्ही दुरुस्त केले किंवा त्याच प्रकारच्या वापरलेल्या टीव्हींनी बदलले. वरच्या टोकाचे २६६ छोटे टीव्ही, ६ आणि १० इंची, काही केल्या मिळेनात. तिथे बाहेरचं रूप तसंच ठेवून आत चपटे पडदे बसवले. थंड ठेवण्याची यंत्रणा सुधारली, व्हिडिओ डिजिटल केले. सप्टेंबर २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला. तोही दिवसभर नाही; आठवड्यातले ठरावीक दिवस, रोज दोन तास, कारण जितका चालेल तितका झिजेल.

मला यात आवडतं ते आकडे उघड करणं. ७३७ आणि २६६. कोणता भाग जुना, कोणता नवा, हे विचारणाऱ्याला कळू शकतं. हर्स्ट यांच्या तारखांशी याची तुलना करून पाहा.

पाइक स्वतः जुन्या यंत्रांना कवटाळून बसणारे नव्हते. काळानुसार नवं तंत्रज्ञान वापरायला त्यांची हरकत नव्हती. पण म्हणून त्यांच्या सगळ्याच कामांना एक नियम लावता येत नाही. १९६५ चं त्यांचं ‘मॅग्नेट टीव्ही’ घ्या. टीव्हीच्या डोक्यावर एक मोठा लोहचुंबक ठेवलाय, त्यामुळे आतला इलेक्ट्रॉनचा झोत वळतो आणि पडद्यावर जाळीदार आकृती उमटते. चुंबक हलवला की आकृती हलते. इथे एलसीडी बसवला तर चुंबक ठेवा नाहीतर नारळ, पडद्यावर काही होणार नाही. मनोऱ्यात टीव्ही हा दिवा होता; इथे टीव्हीचं आतलं भौतिकशास्त्र हीच कलाकृती आहे. म्हणजे ‘काय बदललं तर चालेल’ याचं उत्तर त्या कामात नेमकं काय घडतंय हे समजल्याशिवाय देता येत नाही.

म्हणून जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आता चित्रांची डागडुजी करणाऱ्यांच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक्सवाले बसतात. आपल्या लॅमिंग्टन रोडवर जुने सुटे भाग हुडकण्यात हयात घालवलेल्या माणसांकडे जी विद्या आहे, तिला तिकडे आता संग्रहालयांकडून विचारणा होते.

ट्यूबलाइट ही कला की दिवा?

अमेरिकन कलाकार डॅन फ्लेविन यांनी १९६३ पासून दुकानात मिळणाऱ्या साध्या ट्यूबलाइट वापरून कामं केली, मृत्यूपर्यंत म्हणजे १९९६ पर्यंत. त्यांची कामंही प्रमाणपत्रासह विकली जातात. नळी गेली तर नवी लावायची. पण आता नळीच बाजारातून जात आहे. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध आणणाऱ्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये ट्यूबलाइटचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरवलं. एलईडीची नळी बसवता येईल, पण ती साधारणपणे एकाच बाजूला उजेड फेकते, तर ट्यूबलाइट चारी बाजूंनी. भिंतीवर पसरणारी रंगांची आभा हेच फ्लेविन यांचं काम असल्यामुळे हा फरक किरकोळ नाही.

त्यांच्या कामाबाबत युरोपीय आयोगाने २०१० मध्ये एक अफलातून निर्णय दिला. लंडनच्या एका गॅलरीने फ्लेविन आणि व्हिडिओ कलाकार बिल व्हायोला यांची कामं आयात केली. कलाकृती म्हटलं तर कर ५ टक्के, विजेचं सामान म्हटलं तर त्याच्या कितीतरी पट. ब्रिटनमधल्या न्यायाधिकरणाने २००८ मध्ये ती कला असल्याचं मान्य केलं होतं. आयोगाने ते उलटवलं. त्यांच्या मते फ्लेविन यांची वस्तू हा भिंतीवरचा दिवा. कला असलीच तर ती वस्तू नव्हे, ती चालू केल्यावर पडणारा उजेड. बंदरावर उजेड येत नाही, दिवा येतो.

कलाजगतात यावर खूप हशा झाला. गंमत म्हणजे, ‘कला वस्तूत नाही’ हे तर कलाकारच इतकी वर्षं सांगत होते. करवाल्यांनी ते फक्त मनावर घेतलं.

वेबसाइटचं काय?

थोडक्यात सांगायचं तर तिची अवस्था टीव्हीपेक्षा वाईट. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने करून घेतलेली पहिली वेब-कलाकृती म्हणजे शू ली चेंग यांची ‘ब्रँडन’, १९९८-९९. अमेरिकेत १९९३ मध्ये खून झालेल्या ट्रान्स तरुणाच्या कहाणीवरची. त्यात जावा अॅप्लेट होते, जे ब्राउझर पुढे चालवेनासे झाले. वीस वर्षंही झाली नव्हती आणि पानं अर्धीअधिक मुकी झाली होती. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संगणकशास्त्रज्ञांसोबत काम करून २०१७ मध्ये ती दुरुस्त झाली. सुमारे ६५ हजार ओळींचा कोड तपासावा लागला. जुना कोड पुसला नाही, तो तसाच ठेवून नवा लिहिला. चित्राच्या डागडुजीतही हाच संकेत आहे, की आपण केलेलं काम पुढच्या माणसाला ओळखता आलं पाहिजे आणि काढताही आलं पाहिजे.

भारतात काय परिस्थिती?

मुंबईचे जितीश कल्लाट यांची तीन कामं शेजारी ठेवून पाहिली, की प्रश्न आपल्या किती जवळ आहे ते कळतं. २००३ च्या ‘पब्लिक नोटिस’मध्ये त्यांनी पंडित नेहरूंचं १४-१५ ऑगस्टच्या मध्यरात्रीचं भाषण आरशांवर रबराच्या चिकट द्रावाने लिहून ती अक्षरं पेटवली. २००७ च्या ‘पब्लिक नोटिस २’मध्ये दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचं गांधीजींचं भाषण आहे, हाडांच्या आकाराच्या सुमारे साडेचार हजार फायबरग्लास अक्षरांत. आणि २०१० मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर स्वामी विवेकानंदांचं ११ सप्टेंबर १८९३ चं भाषण एलईडी दिव्यांनी झळकलं. विवेकानंद बोलले ती जागा हीच. दिव्यांचे पाच रंग अमेरिकेच्या दहशतवादविरोधी इशारा-पद्धतीतले होते, आणि तारखेचा संबंध सांगायला नकोच.

आता देखभालीच्या नजरेने बघा. एलईडी गेला तर बदलता येईल, फक्त रंगछटा तीच हवी. फायबरग्लासचं अक्षर तुटलं तर साच्यातून पुन्हा काढता येईल. पण जळून वितळलेल्या रबराचं अक्षर? ते पुन्हा जाळलं, तर जळण्याचा आकार वेगळा येणार. एकाच कलाकाराची कामं, पण उत्तरं तीन.

ही उत्तरं मिळवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कलाकार हयात असताना त्यालाच विचारून लिहून ठेवणं. परदेशात यासाठी ठरावीक प्रश्नावल्या आहेत. काय जपायचं, काय बदललं तर चालेल, काय पूर्ण नव्याने करता येईल, केव्हा थांबायचं. ज्यांच्याकडे अशी कामं आहेत, मग ती संस्था असो, कंपनी असो की फ्लॅटच्या हॉलमध्ये दिव्याचं एखादं शिल्प लावलेला हौशी माणूस, त्यांनी बिलाबरोबर हा कागदही मागायला हरकत नाही. कोणता दिवा, कोणता व्होल्टेज, व्हिडिओची मूळ फाइल कोणत्या प्रकारची, यंत्र बंद पडलं तर कोणाला विचारायचं. टीव्ही घेताना आपण वॉरंटी कार्ड मागतोच.

कायदा कोणाच्या बाजूने?

थोडा कलाकाराच्या, पण अर्धवट. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प केलं होतं, सुमारे १४० फूट लांब. सरकारने १९५७ मध्ये काम दिलं, १९६२ मध्ये ते पूर्ण झालं. १९७९ मध्ये इमारतीच्या नूतनीकरणात ते कलाकाराला न विचारता काढलं गेलं आणि गोदामात पडलं. तुकडे झाले, काही गहाळ झाले. सहगल १९९२ मध्ये न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. उरलेले अवशेष परत करायचे आणि ५ लाख रुपये भरपाई. पैशाने विकत घेतलेल्या कामाचाही नाश करण्याचा मालकाला मोकळा अधिकार नाही, कारण त्याने कलाकाराच्या नावलौकिकाला धक्का बसतो, हे न्यायालयाने मान्य केलं. आधार होता कॉपीराइट कायद्याचं कलम ५७.

पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने उलट दिशेचाही निकाल दिला. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं १९७२ चं ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ मध्ये पाडलं गेलं, वास्तुविशारद राज रेवाल न्यायालयात गेले, आणि इमारत पूर्ण पाडण्यापासून मालकाला रोखता येणार नाही असं न्यायालयाने सांगितलं.

शिवाय कलम ५७ मध्ये एक छोटं स्पष्टीकरण आहे, जे या विषयात फार मोठं ठरतं. कलाकृती प्रदर्शित न करणं, किंवा कलाकाराच्या मनासारखी प्रदर्शित न करणं, हा त्या कलमाखाली हक्कभंग नाही. म्हणजे शिल्प फोडलं तर दाद मागता येईल. टीव्ही, प्रोजेक्टर, दिव्यांचं काम प्लग काढून कोपऱ्यात ठेवून दिलं, तर ते नुसतं ‘न दाखवणं’ झालं. ब्राँझ गोदामात वीस वर्षांनी निदान ब्राँझ म्हणून सापडतं. हार्ड डिस्क तशी सापडेलच असं नाही.

आणि जपायचंच नसेल तर?

तेही कलाकार ठरवू शकतो. नलिनी मलानी यांनी १९९२ मध्ये मुंबईत, तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत असलेल्या गॅलरी केमोल्डमध्ये ‘सिटी ऑफ डिझायर्स’ नावाचं काम केलं. थेट भिंतींवर चित्रं. विकायला कॅनव्हास नाही, घरी न्यायला काही नाही. राजस्थानातल्या नाथद्वारा इथली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं दुर्लक्षाने नष्ट होत होती, त्याकडे लक्ष वेधण्याचा त्यामागे हेतू होता.

पंधरा दिवस लोकांनी ती पाहिली. मग भिंतींना चुना लावला गेला, आणि ठरलंही तसंच होतं.